पत्र्यावर माणूस चढवण्याआधी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणावरून)



सकाळपासून कांद्याचे भाव झाले, विजेची बिले झाली, आता जेवणाची वेळ होत आली आणि हा माणूस पत्र्याविषयी काय सांगणार, असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटत असेल. मी जास्त वेळ घेणार नाही. आधी एक करा. ज्यांच्या गोठ्यावर, कांदाचाळीवर, पोल्ट्रीवर किंवा खाद्याच्या गोदामावर सिमेंटचा पत्रा आहे, त्यांनी हात वर करा. बघा, निम्मा मांडव वर झाला. आता त्या पत्र्यावर माणूस चढवताना पायाखाली टाकायला ज्यांनी फळी करून ठेवली आहे, तेवढ्यांनीच हात वर ठेवा. दोन. चार तरी असतील असे मला वाटले होते. २०१७ सालापर्यंत माझाही हात खालीच राहिला असता.

माझी दहा हजार पक्ष्यांची पोल्ट्री आहे, करारावरची. शेडला लागूनच, त्याच पाखाखाली, खाद्याची बंद खोली आहे. खोलीला चारी बाजूंनी भिंती, म्हणून उजेडासाठी छपरात चार ठिकाणी फायबरचा पत्रा टाकलेला. उन्हाळ्यात पक्षी उष्णतेने मरतात, म्हणून एप्रिलमध्ये पत्र्यावर चुना मारायचा, ही आपली सगळ्यांची पद्धत. एका वर्षी खोलीतले खाद्य फार तापायला लागले, तेव्हा मीच खालून ओरडून सांगितले, फायबरवरूनही कुंचा फिरव, सगळे पांढरे कर. तसे तीन उन्हाळे झाले. तिसऱ्या उन्हाळ्यात छपराकडे वर उभे राहून पाहिले तर सिमेंटचा पत्रा कुठला आणि उजेडाचा कुठला, हे ज्याने बसवला त्यालाही सांगता आले नसते.

चुना मारायला यायचा तो माणूस आमच्याच गावचा, पंधरा वर्षे माझ्या घरी कामाला. मला आबा म्हणायचा. त्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला त्याचे शेवटचे वाक्य मी ऐकले ते असे, "आबा, चुना घट्ट झालाय, अजून एक बादली पाणी द्या वर." मी बादली भरायला वाकलो. पत्रा कडाडला वगैरे काही नाही. एक आवाज झाला तो खोलीच्या आतून आला. बॅच नुकतीच गेली होती, खाद्य संपलेले, खोली धुऊन मोकळी केलेली. एरवी तिथे पोत्यांची थप्पी असते. त्या दिवशी खाली नुसता कोबा होता.

बारा फूट उंची. तो जगला. कमरेचा मणका मोडला आणि दोन्ही पाय गेले. आज तो घराच्या ओट्यावर बसून गावातले फवारणीचे पंप दुरुस्त करतो, आणि चांगले करतो. पण त्याचे वय तेव्हा चाळीस होते आणि दोन मुली शाळेत होत्या.

लोक मला म्हणाले, नशीब. काही म्हणाले, त्याचे लक्ष नव्हते. मी तुम्हाला सांगतो, त्याचे लक्ष होते. लक्ष देऊन जे दिसणारच नाही, तिथे लक्ष काय करणार? ते झाकायला मी सांगितले होते.

आपल्या जुन्या माळवदाच्या घरांना उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी वर भोक ठेवत. कुठे त्याला साणे म्हणतात, कुठे सवणे. त्या भोकाभोवती मातीचा उंचवटा असे, पावसात वरून काहीतरी उपडे घालत, आणि वर वाळवण घालणाऱ्या पोरीबाळींनाही साणे कुठे आहे ते ठाऊक असे. कारण ते दिसत होते, आणि माळवदाचा बाकीचा भाग चालण्यासाठीच केलेला होता. फायबरच्या पत्र्याचे याच्या नेमके उलटे आहे. त्याला बाकीच्या पत्र्यासारख्याच नाळ्या असतात, तो त्याच पातळीत बसतो, आणि दोन-तीन वर्षांत त्यावर धूळ, चुना, शेवाळ, जिनिंगजवळ असेल तर कापसाची रुई बसली की तो शेजाऱ्यासारखाच दिसतो. ते साणेच आहे, फक्त झाकण असल्याचे सोंग करणारे.

शिवाय त्याचे नाव फसवे आहे. फायबर म्हटले की आपल्याला फायबरची खुर्ची, फायबरचा दरवाजा आठवतो, म्हणजे न फुटणारा. हा पत्रा म्हणजे काचेचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे रसायन. उन्हाने ते रसायन हळूहळू झिजते, पत्रा पिवळा पडतो, वरून हात फिरवला तर कुसासारखे तंतू टोचतात. ज्याच्या अंगाला अशी खाज सुटली आहे त्याला कळेल. नवा असताना तो वाकून तरी दाखवतो. आठ-दहा उन्हाळे खाल्लेला पत्रा वाकत नाही, एकदम जातो.

आणि नुसता फायबर टाळला म्हणजे झाले, असेही नाही. सिमेंटचा पत्रा सहा मिलिमीटर जाडीचा असतो. खालच्या लोखंडी पट्ट्या, ज्यांना मिस्त्री लोक पर्लिन म्हणतात, त्या साडेचार फुटांपर्यंत लांब असतात. पाऊस, वारा सहन करायला तो केलेला आहे. दोन पट्ट्यांच्या मध्ये माणसाचा पाय पडावा यासाठी तो केलेलाच नाही. गारपिटीत बारीक चीर गेली, माकडाने उडी मारली, हुक जास्त आवळला गेला, तर चीर वरून दिसत नाही आणि चुना मारला की कधीच दिसत नाही. तो तुटताना आधी सांगत नाही. लाकूड करकरते, लोखंड वाकते, हा नुसता तुटतो.

आता मिस्त्री लोकांचे एक शास्त्र आहे, ते मीही मानत होतो. हुकांच्या ओळीवरून चालायचे, कारण हुकाखाली पट्टी असते. ऐकायला बरोबर वाटते. पण विचार करा, ती ओळ दोन-तीन बोटे रुंदीची. त्यावरून उतरत्या पाखावर, हातात बादली, डोळ्यात चुन्याचा शिंतोडा, पायाखाली ओले, असे दिवसभर चालायचे. डोंबाऱ्याची पोर दोरीवरून चालते तेव्हा तिचा खेळ दहा मिनिटांचा असतो आणि तिचे सगळे ध्यान दोरीवर असते. आपला माणूस मागे सरकत सरकत चुना मारतो. एक पाय चार बोटे इकडे पडला की संपले. दुसरे शास्त्र असे की हलक्या अंगाचा माणूस चढवावा. म्हणजे मग शेवटी घरातले पोर चढते. पोराच्या वजनानेही जुना फायबर जातो.

मघाशी जिनिंगचे नाव घेतले म्हणून सांगतो, हे पोल्ट्रीपुरते नाही. साखर कारखान्याचे गोदाम, बाजार समितीचे लिलावाचे शेड, डाळ मिल, दूध संघ, कुठेही वर बघा. अलीकडे त्याच पत्र्यांवर सौर पॅनेल बसवतात आणि ते धुवायला महिन्यातून एकदा कोणीतरी वर जातो. वळिवाच्या वादळात पत्रे उडाले की दुसऱ्या दिवशी अख्खा गाव छपरावर असतो.

जगभर माणसे अशीच पडतात. ब्रिटनमध्ये बांधकामावर उंचावरून पडून जे मरतात, त्यांतले साधारण पाचांतला एक असा ठिसूळ पत्रा किंवा उजेडाचा पत्रा फुटून मेलेला असतो. तिथल्या सरकारी सुरक्षा खात्याने खास शेतकऱ्यांसाठी यावर वेगळी पत्रिका काढली, कारण गोठ्यांची आणि शेडची छपरे तिकडेही सिमेंटच्या पत्र्याचीच होती. अमेरिकेचा नियम उजेडाच्या पत्र्याला सरळ भोकच समजतो. खाली सहा फुटांपेक्षा जास्त खोल असेल तर त्याला कठडा हवा, झाकण हवे किंवा माणसाला पट्टा हवा. आणि झाकण कसे? त्यावर जो माणूस आणि जे सामान एका वेळी येईल, त्याच्या दुप्पट वजन पेलणारे. हा दुपटीचा हिशेब मला पटला. सत्तर किलोचा माणूस आणि पंधरा किलोची बादली म्हणजे पंच्याऐंशी, त्याची दुप्पट एकशे सत्तर. हे मोजायला इंजिनियर लागत नाही. झाकण किंवा फळी जमिनीवर, पर्लिनच्या अंतराने ठेवलेल्या दोन ठोकळ्यांवर टाका आणि मधोमध अडीच माणसांचे वजन द्या. वाकून परत आली तर वर न्या. करकरली तर चुलीत घाला.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३२ व्या कलमातच होते की उंचावर काम करणारा पडू नये याची तजवीज मालकाने करावी. तो कायदा आता नव्या संहितेत गेला, २०२० साली केलेली ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. पण वीज वापरणाऱ्या ठिकाणी पूर्वी दहा कामगारांना कारखाना म्हणत, आता वीस लागतात. तुमच्या गोठ्यात वीस माणसे आहेत का? नाहीत. म्हणजे तुमच्या छपरापर्यंत तो कायदा येत नाही. आणि खरे बोलायचे तर, आपण या मंडपात बसून कायम काय म्हणतो? आमच्या बांधावर इन्स्पेक्टर नको. मीही तेच म्हणतो, आजही म्हणतो. मग इन्स्पेक्टर नको म्हणणाऱ्याने फळी स्वतः आणली पाहिजे. इन्स्पेक्टरही नको आणि फळीही नको, असे दोन्ही चालणार नाही. बाजारात गेलो की आपण लुटले जाणारे असतो, पण छपराखाली शिडी धरून उभे असतो तेव्हा आपण मालक असतो. हे मला त्या दिवशी कळले, दवाखान्यात कागदावर ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना होता तेव्हा.

नुकसानभरपाईचे ऐका. शेतकरी अपघाताची सरकारी योजना आहे, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची. उंचावरून पडणे तिच्यात बसते. मृत्यू झाला किंवा दोन अवयव कायमचे गेले तर दोन लाख रुपये. पण ती कोणाला? २०१७ साली ज्याच्या नावावर सातबारा त्याला. पुढे २०१९ पासून खातेदाराच्या कुटुंबातला आणखी एक जण धरला. वर चढला होता तो भूमिहीन. त्याच शेडवरून, त्याच भोकातून मी पडलो असतो तर मला मिळाले असते. तो पडला म्हणून काही नाही. दवाखान्याचा खर्च मी केला, पुढेही जमेल तसे करतो. तो मेहरबानी म्हणून करत नाही. पण माझ्यासारखा प्रत्येकाला झेपेल असे नाही, आणि प्रत्येक जण करेल असेही नाही. जे मिस्त्री कायम पत्रे बसवण्याचेच काम करतात त्यांनी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवावे. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तुमच्याकडे येणाऱ्या मिस्त्रीला विचारा, नोंद आहे का. नसेल तर दाखल्यावर सही द्या, टाळाटाळ करू नका.

आता करायचे काय. सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे वर चढायचेच नाही. चुन्यासाठी माणूस चढवायची गरज आहे का, हा प्रश्न मला अपघातानंतर सुचला, याची लाज वाटते. आपल्या प्रत्येकाकडे द्राक्षाला, डाळिंबाला फवारायचा एचटीपी पंप आहे. चुना आदल्या रात्री भिजवला, दोनदा कापडातून गाळला, आणि लांब नळीला बांबू बांधून शिडीवरून किंवा ट्रॉलीत उभे राहून फवारला, तर लहान शेडचे दोन्ही पाख होतात. नोझल दोन-तीनदा तुंबते, शिव्या देत साफ करावे लागते. पंप लगेच धुवावा लागतो, नाहीतर वॉशर जातात. पण कोणी पडत नाही. आता मी असेच करतो. गळती असेल तर ती आतून, घोडी लावून बघायची. पुष्कळ वेळा हुकाचा वॉशर कुजलेला असतो आणि पत्रा बदलायची गरजच नसते.

चढल्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर फळी. एक नाही, दोन. एकीवर उभे राहायचे आणि दुसरी पुढे सरकवायची. एकच असली की ती उचलताना माणूस पत्र्यावर उभा राहतो, म्हणजे सगळे व्यर्थ. फळी दोन फूट रुंद हवी, आणि लांबी अशी की निदान तीन पर्लिनांवर टेकेल, म्हणजे दहा फूट. लाकडाची केली तर दोघांना उचलते. आमच्या वेल्डिंगवाल्याने चौकोनी पाइपची चौकट करून वर जाळी मारली आणि पाय अडायला दर फुटाला आडवी पट्टी दिली. ती हलकी झाली. दोन्ही मिळून माझे साडेआठ हजार गेले. उतार असेल तर वरच्या टोकाला आकडा लागतो. तो आकडा कोन्याच्या पत्र्यावर टेकवू नका, तोही पत्राच आहे. आकड्याचा भार पलीकडच्या पाखावर, पर्लिनवर आला पाहिजे. पहिली फळी शिडीवरूनच वर ढकलायची, पत्र्यावर पाय न ठेवता.

दोराविषयी दोन शब्द. कमरेला कासरा बांधून दुसरे टोक हुकाला अडकवतात. हुक उपटून येईल. आणि धरले जरी, तरी कमरेचा दोर झटक्यात माणसाचे पोट फाडतो. दोर बांधायचा तर कैचीला, आणि खांद्या-मांड्यांना धरणारा पूर्ण पट्टा हवा. त्यातही हिशेब पाहा. आपली शेड दहा-बारा फुटांची. दोर सहा फूट ढिला सोडला, माणसाची उंची साडेपाच फूट, तर दोर ताणायच्या आधी पाय कोब्याला लागतात. म्हणून आपल्या कामाला फळी खरी, दोर तिच्या जोडीला.

नवे शेड बांधणाऱ्यांना मात्र माझी विनंती वेगळी आहे. फायबरचा पत्रा बसवताना त्याच्या खाली, पर्लिनवर, वेल्डमेशची जाळी घट्ट बांधून घ्या. त्या वेळी खर्च फार नाही, कारण मिस्त्री वरच असतो. पुढे पंचवीस वर्षे कोणी काहीही विसरले तरी जाळी विसरत नाही. जुन्या शेडला हीच जाळी खालून, घोडीवर उभे राहून बांधता येते. मी चारही ठिकाणी बांधली आहे. उजेड थोडा कमी होतो.

फायबरला चुना कधीही नाही. उलट त्याच्या चारी बाजूंना लाल रंगाचा पट्टा मारा, तोही फळीवरून. शिडी लावायच्या जागी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा की पत्रा ठिसूळ आहे, फळीशिवाय चढू नये. शिडी आत कुलपात ठेवा. चेंडू आणायला पोरे चढतात ती दुपारी, आपण झोपलेले असताना.

आणि एवढे करूनही कोणी पडलाच, तर त्याला दोघांनी हातपाय धरून उचलू नका. आम्ही तसेच उचलले. मान आणि पाठ सरळ ठेवून, तिथेच असलेल्या फळीवर सरकवून न्यायला हवे होते, असे डॉक्टर नंतर म्हणाले. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत त्याला हलवू नका. आमच्या उचलण्याने किती बिघडले हे कोणी सांगू शकत नाही. मीही विचारायचे सोडून दिले.

एक जण मघाशी चहाच्या वेळी म्हणाला, मजूरच घाई करतात, फळी दिली तरी बाजूला टाकतात. खरे आहे. कारण आपण उक्ते देतो. अख्ख्या छपराचे इतके रुपये, मग तो फळी सरकवण्यात वेळ का घालवेल? फळीचे काम रोजंदारीवर द्या. दोन दिवसांचे तीन दिवस होतील. त्या तिसऱ्या दिवसाची हजेरी आणि माझ्या साडेआठ हजारांच्या फळ्या, हे आपल्या उत्पादन खर्चात धरा. भाव मागताना आपण सगळा खर्च मांडतो, मग हाही मांडू.

मार्च लागला की चुन्याची घाई सुरू होईल. तोपर्यंत प्रत्येक गावात एक जोड तरी करून ठेवा. सगळ्यांनी वेगळी करायची गरज नाही. सोसायटीच्या ओसरीत किंवा ज्याच्या घरी ट्रॉली आहे त्याच्याकडे राहील, लागेल त्याने न्यावी. माप हवे असेल तर आमच्या वेल्डिंगवाल्याने कागदावर काढून दिले आहे, जेवणानंतर मांडवाच्या दाराशी मी बसतो, उतरवून घ्या. आमच्या आसपासच्या चार गावांनी माझीच जोडी न्यायला हरकत नाही, फक्त आधी निरोप द्या आणि पुढच्या बुधवारी परत आणून द्या. गुरुवारी मला गोठ्याच्या छपराला लागणार आहे.